चेलोचा मास्टरक्लास : अर्ध्या मिनिटाच्या सुरावटीवर वीस मिनिटं का घालवतात?

तुमच्या फीडवर असा एखादा व्हिडिओ कधीतरी आला असेल. स्टेजवर अठरा-वीस वर्षांची मुलगी, पुढ्यात भलंमोठं व्हायोलिनसारखं वाद्य. ती दहा मिनिटं झकास वाजवते. लोक टाळ्या वाजवतात. शेजारी बसलेले पांढऱ्या केसांचे गृहस्थ हसतात, कौतुक करतात आणि म्हणतात, आता पहिल्यापासून. ती सुरू करते. पहिलाच सूर लागतो आणि ते हात वर करून थांबवतात. पुढची वीस मिनिटं त्या पहिल्या ओळीच्या पुढे कुणीच जात नाही.

आपल्याला प्रश्न पडतो, एवढं छान तर वाजवत होती, मग चुकलं काय? बऱ्याचदा उत्तर असतं, काहीच नाही. सूर बरोबर होते, लय बरोबर होती. तरीही त्या वीस मिनिटांनंतर ती तीच ओळ वाजवते आणि आपल्यालाही फरक ऐकू येतो. हा फरक येतो कुठून, ते जरा समजून घेऊ.

आधी वाद्य समजून घेऊ

चेलो हा व्हायोलिनच्या कुटुंबातला थोरला भाऊ. खुर्चीवर बसून, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरून वाजवतात. खाली धातूची दांडी असते, ती जमिनीवर टेकते. चार तारा, प्रत्येक तार शेजारच्या तारेपासून सा-पच्या अंतरावर लावलेली. खर्जापासून उंच स्वरापर्यंत त्याचा पल्ला माणसाच्या आवाजाच्या बराच जवळ जातो, म्हणून अनेकांना चेलो ऐकताना कुणी गातंय असं वाटतं.

सतारीसारखे पडदे त्यावर नसतात. सारंगीसारखंच, सूर कुठे आहे हे कानानंच शोधायचं. बोट केसभर सरकलं तरी सूर बदलतो. उजव्या हातात गज. त्याच्या तीन गोष्टी सांभाळायच्या : वेग, तारेवर पडणारं वजन आणि घोडीपासून किती अंतरावर घासतोय ते. या तिन्हींचं गणित प्रत्येक सुराला बदलतं. म्हणजे डावा हात सूर शोधतो आणि उजवा हात श्वास घेतो.

मास्टरक्लासची पद्धत आली कुठून?

ही पद्धत रुजवण्याचं श्रेय साधारणपणे पियानोवादक फ्रांझ लिस्ट यांना दिलं जातं. १८६९ पासून १८८६ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते जर्मनीतल्या वायमार गावात ठरावीक दिवशी दुपारी शिष्यांना एकत्र बसवायचे. एकानं वाजवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, लिस्ट सगळ्यांसमोर बोलणार. फी घेत नसत. पण एक अट मनाशी पक्की होती. बोटांची तयारी ज्यानं त्यानं घरी करून यायची, इथे फक्त संगीताबद्दल बोलायचं.

म्हणजे तंत्र एकीकडे, कला दुसरीकडे. ही वाटणी पुढे बरीच वर्षं टिकली. चेलोच्या बाबतीत तिला धक्का दिला तो पाब्लो कासाल्स या माणसानं.

काखेतलं पुस्तक आणि कासाल्स

कासाल्स यांचा जन्म १८७६ चा, स्पेनमधल्या कॅटलोनियातला. ते शिकत होते तेव्हा चेलोच्या विद्यार्थ्यांना उजव्या काखेत पुस्तक धरून सराव करायला लावत. हात अंगाला चिकटून राहिला पाहिजे, हीच शिस्त. पुस्तक पडलं म्हणजे चूक.

कासाल्स यांनी हात मोकळा सोडला. डाव्या हाताची बोटंही जास्त पसरून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे हात सतत वरखाली घसरवावा लागत नाही आणि दोन सुरांमधला तो नकोसा घसरण्याचा आवाज जातो. वरवर पाहता हा तांत्रिक बदल. पण त्यामुळे सुरावट सलग गाता येऊ लागली. बाखचे चेलो सुइट्स त्यांना तेराव्या वर्षी बार्सिलोनातल्या एका दुकानात सापडले. तोवर हे सुइट्स बहुतेक सरावाचे धडे म्हणूनच ओळखले जात. वर्षानुवर्षं त्यावर काम करून कासाल्स यांनी ते मैफिलीत आणले. आज जगातला प्रत्येक चेलोवादक ते वाजवतो.

१९६० मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मास्टरक्लास घेतले. त्यांचं चित्रीकरण झालं, अमेरिकेत टीव्हीवर दाखवलं गेलं. म्हातारे गृहस्थ स्वतःचा चेलो घेऊन विद्यार्थ्यासमोर बसलेत, मध्येच थांबवतात, वाजवून दाखवतात, गाऊन दाखवतात. आज आपण जे क्लिपमध्ये बघतो त्याचा हा एक मोठा पूर्वज.

त्या वीस मिनिटांत होतं काय?

एक उदाहरण घेऊ. बाखच्या पहिल्या सुइटचा प्रेल्यूड. जाहिरातींत आणि सिनेमांत इतक्या वेळा वापरलाय की नाव माहीत नसलं तरी चाल ओळखीची वाटेल. पहिल्या चार मापांमध्ये खालचा जी हा स्वर पुन्हा पुन्हा येतो आणि त्याच्यावरची सुरांची रचना बदलत राहते. आपल्या भाषेत सांगायचं तर खाली तानपुऱ्याचा षड्ज चालू आहे आणि वरचं बदलतंय.

विद्यार्थी सगळे सूर सारखेच वाजवतो. चूक काही नाही, पण ऐकायला शिलाई मशीन. शिक्षक विचारतात, यातला पाया कुठला? विद्यार्थ्याला कळतं, खालचा जी. मग त्या सुराला जरा जास्त वेळ आणि वजन, बाकीचे त्यातून उमललेले. हा झाला कलेचा निर्णय. पण तो अमलात आणायला गजाचा किती भाग त्या एका सुरावर खर्च करायचा आणि उरलेल्या सुरांना किती ठेवायचा, हे बसवावं लागतं. ते झालं तंत्र.

यात आणखी एक गाठ आहे. या सुइट्सची बाखच्या स्वतःच्या हातची प्रत उपलब्ध नाही. त्याची पत्नी आना माग्दालेना हिनं केलेली नक्कल आहे आणि कुठले सूर एका गजात घ्यायचे हे दाखवणाऱ्या त्यातल्या कमानी नीट कळत नाहीत. त्यामुळे गज कुठे बदलायचा, हा साधा दिसणारा प्रश्न प्रत्येक वादकाला स्वतः सोडवावा लागतो. त्याचं उत्तर बदललं की वाक्याचा अर्थ बदलतो.

दुसरं उदाहरण गजाच्या वजनाचं. गज मुठीपाशी जड असतो, टोकाकडे हलका. म्हणून मुठीकडून टोकाकडे ओढला की आवाज आपोआप विरत जातो. आता सुरावट वाढत जायला हवी असेल तर? एक तर तर्जनीनं टोकाकडे जाताना वजन वाढवायचं, नाहीतर गजाची दिशाच उलटी करायची. विद्यार्थ्याला वाटत असतं आपल्यात भावना कमी पडतेय. प्रत्यक्षात गज उलट्या दिशेनं चाललेला असतो.

म्हणूनच चांगला शिक्षक नुसतं 'अजून भाव आण' असं म्हणून सोडून देत नाही. भाव कुठल्या बोटात अडकलाय, ते शोधून देतो.

मग नेहमीच्या क्लासपेक्षा हे वेगळं कसं?

चेलोचे असे सघन अभ्यासवर्ग साधारण आठवडाभराचे, कधी दोन आठवड्यांचे असतात. आधी रेकॉर्डिंग पाठवून निवड होते. निवडलेले थोडे जण वाजवतात, बाकीचे श्रोते म्हणून बसतात. सकाळी स्वरसाधना आणि पॉपर, ड्युपोर यांसारख्यांचे सरावाचे धडे, दुपारी पियानोच्या साथीनं मोठ्या रचना, संध्याकाळी तिघाचौघांनी मिळून वाजवायचं, शेवटी मैफल.

फ्रँकफर्टजवळच्या क्रोनबर्ग या लहानशा गावात १९९३ मध्ये सुरू झालेली क्रोनबर्ग अकादमी या कामासाठी ओळखली जाते. तिथे २०२२ मध्ये उघडलेल्या सभागृहाला कासाल्स यांचंच नाव आहे.

आणि हे फक्त नवशिक्यांसाठी असतं असं नाही. जॅकलिन दु प्रे हिचं एल्गारच्या चेलो कॉन्चेर्तोचं १९६५ चं रेकॉर्डिंग आजही लोक आवर्जून ऐकतात. तेव्हा ती वीस वर्षांची होती. पुढच्याच वर्षी ती मॉस्कोला जाऊन म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच यांच्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसली. रोस्त्रोपोविच शिकवताना बहुतेक वेळा चेलो हातात न घेता पियानोवर बसत. विद्यार्थ्यानं आपली नक्कल करू नये, स्वतःचा आवाज शोधावा, हा त्याचा एक फायदा.

सगळ्यांसमोर चुका दाखवणं बरोबर आहे का?

हा खरा प्रश्न आहे. फायदा उघड आहे. मैफलीत जे दडपण येतं तेच इथे येतं, आणि खोलीत बसलेले बाकीचे वीस जण त्याच दुरुस्तीतून शिकतात. आपल्याकडे गुरूच्या मागे तानपुऱ्यावर बसून जे शिक्षण होतं, त्याच जातीचं हे.

पण धोकेही आहेत. काही शिक्षक प्रेक्षकांना हसवण्यासाठी विद्यार्थ्याला खाली पाडतात. पाऊण तासात दिलेला सल्ला नेहमीच्या शिक्षकाच्या उलट असू शकतो आणि शिक्षक विमान पकडून गेल्यावर गोंधळ विद्यार्थ्याकडेच राहतो. एरवी दोन तास वाजवणारं पोर तिथे सात-आठ तास वाजवायला लागलं तर मनगट, खांदा दुखावतो. ते दुखणं 'मेहनत' म्हणून अंगावर काढायचं नसतं.

म्हणून फी भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. प्रत्येकाला प्रत्यक्ष किती वेळ मिळणार? पियानोची साथ आहे का? स्वतःच्या तासाचं रेकॉर्डिंग करता येईल का? विश्रांतीचा वेळ ठरलेला आहे का? उत्तरं गोलमोल आली तर श्रोता म्हणून जाणं जास्त शहाणपणाचं.

आपल्याकडे काय?

मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे आणि तिथे मुलांना शिकवलंही जातं. गोव्यात चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन ही संस्था गरीब घरातल्या मुलांना व्हायोलिन, चेलो शिकवते. मूळच्या नेदरलँड्सच्या सास्किया राव-द हास यांनी तर चेलोला तरफेच्या तारा लावून त्यावर राग वाजवले. तरीही चेलोचे शिक्षक आपल्याकडे मोजकेच. त्यामुळे बाहेरून आलेल्या वादकाचा एखादा तास इथल्या मुलासाठी फार मोलाचा ठरतो, आणि म्हणूनच तो तास वाया जाऊ नये ही काळजीही मोठी.

पुढच्या वेळी अशी क्लिप समोर आली तर लगेच स्क्रोल करू नका. विद्यार्थी पहिल्यांदा वाजवतो ते ऐका, मधलं बोलणं सोडलं तरी चालेल, पण शेवटी तो तीच ओळ पुन्हा वाजवतो ते नक्की ऐका. काय बदललं ते शब्दांत सांगता आलं नाही तरी हरकत नाही. कानाला कळलं, म्हणजे त्या वीस मिनिटांत थोडं तुम्हीही शिकलात.