दारू सोडण्यासाठी घर सोडावे लागत नाही



डोंगरकडा-अर्धापूरच्या पट्ट्यात केळीची बाग कशी जपावी हे कुणाला शिकवायला नको. पानावर करपा दिसला की आपण बाग उपटून टाकत नाही आणि नशिबावरही सोडत नाही. रोगट पान कापतो, फवारणी घेतो, काही दिवसांनी पुन्हा बागेत फिरून पाहतो. पण घरच्या माणसाला दारूचा रोग जडला की मात्र आपण दोनच गोष्टी करतो. एक तर शिव्याशाप देतो, नाहीतर कपाळाला हात लावून गप्प बसतो. मधला मार्ग आहे आणि तो दवाखान्यातून जातो.

दवाखाना म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे व्यसनमुक्ती केंद्र येते. पुण्याचे मुक्तांगण १९८६ साली सुरू झाले. तिथे राहून बरे झालेल्यांच्या हकीगती आपल्यापर्यंत पोहोचल्या, आणि त्यातून एक समज पक्का झाला की दारू सोडवायची तर माणसाला महिनाभर घराबाहेर ठेवावे लागते. मग कारभारीण म्हणते, "इतके दिवस हळदीला पाणी कोण देईल? केळीची गाडी कोण भरून देईल?" गोष्ट तिथेच थांबते.

पण प्रत्येक रोग्याला राहावे लागते असे नाही. पुष्कळांचा उपचार बाह्यरुग्ण विभागात, म्हणजे केसपेपर काढून, औषध घेऊन संध्याकाळी घरी परतूनही होतो.

गोव्यात काय घडले

गोव्यात 'संगाथ' या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. ज्यांचे पिणे अंगाशी येऊ लागले होते असे ३७७ पुरुष त्यात होते. निम्म्यांना नेहमीचा उपचार मिळाला. उरलेल्यांना त्याखेरीज प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकाशी जास्तीत जास्त चार बैठका मिळाल्या. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, तिथलीच साधी माणसे होती. एकेक बैठक अर्ध्या-पाऊण तासाची. तीन महिन्यांनी विचारणा केली, तेव्हा मागचे १४ दिवस थेंबही न घेतलेले लोक नुसत्या नेहमीच्या उपचारात शंभरात १८ होते, बैठका मिळालेल्यांत ४२. हा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. फार मुरलेल्या व्यसनींना त्यात घेतले नव्हते, हे ध्यानात ठेवा. म्हणजे जितक्या लवकर जाल तितका थोडक्यात उपचार.

आपल्याच राज्यात गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी १९९३ पासून आहे. तरीही पिणारे उरलेच. म्हणून 'सर्च' संस्था, शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून २०१६ साली 'मुक्तिपथ' हे काम हाती घेतले. त्यात तालुक्याच्या गावी आठवड्यातला दिवस ठरवून व्यसनींसाठी दवाखाना चालवला. बाजाराला जावे तसे जायचे, तपासून घ्यायचे, घरी यायचे.

घरात चार प्रश्न विचारा

पिणे कमी करावे असे कधी मनात येते का? कुणी बोलले की राग येतो का? पिण्याबद्दल मनाला टोचणी लागते का? सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हायला घोट लागतो का? यातल्या दोन प्रश्नांना 'होय' आले तर डॉक्टरला दाखवावे. शेवटच्या एकट्या प्रश्नाला 'होय' आले तर मुळीच थांबू नये.

एकाएकी बंद करू नका

आपल्याकडे माळ घालून दारू सोडण्याची चांगली रीत आहे. नर्सीच्या नामदेवांच्या या मुलखात पंढरीच्या माळेने कितीतरी संसार सावरले. माळ जरूर घाला. पण जो माणूस वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याने आधी डॉक्टरला भेटावे. त्याचे कारण असे.

रोजच्या दारूने मेंदू सुस्तावतो, म्हणून तो स्वतःला जास्त जोराने चालवायची सवय लावून घेतो. दारू एकदम थांबली की जोर तेवढाच राहतो आणि लगाम सुटतो. सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळते, झोप उडते. काहींना दोन दिवसांच्या आत फेफऱ्यासारखे झटके येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो. नसलेली माणसे दिसतात, अंगावर किडे चालल्यासारखे वाटते, दिवस-रात्र कळत नाही. घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली, आणि धावतात मांत्रिकाकडे. ती बाधा नव्हे. जीव घेणारा आजार आहे. लगेच १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

दवाखान्यात काय करतात

पहिल्या भेटीत किती, केव्हापासून आणि काय पितो हे विचारतात. यकृताची तपासणी करतात. थरथर आणि झटके टाळायला थोड्या दिवसांच्या गोळ्या देतात आणि त्या उतरत्या मात्रेत बंद करतात. मेंदू व नसा वाचवण्यासाठी थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व देतात. या दिवसांत घरातल्या एकाने रोग्यासोबत राहावे आणि गोळ्या आपल्या ताब्यात ठेवून वेळेवर द्याव्यात. या गोळ्यांवर दारू घेणे धोक्याचे असते.

पुढे तल्लफ कमी करणारी औषधे असतात. ती कुणाला द्यायची हे डॉक्टर ठरवतात. आणि दर भेटीला बोलणे असते. कुठल्या वेळी, कुणाच्या संगतीत, कशामुळे हात बाटलीकडे जातो, आणि त्या वेळी काय करायचे. ज्याला मोंढ्यात माल विकून पैसे हाती आले की प्यावेसे वाटते, त्याने पट्टी घ्यायला मुलाला नाहीतर कारभारणीला सोबत न्यावे. अशा साध्या युक्त्या तिथे ठरतात.

गांजा, झोपेच्या गोळ्या, नशेसाठी पिलेले खोकल्याचे औषध, या सवयींवरही याच विभागात उपचार होतो. झोपेच्या गोळ्याही मनाने एकदम बंद करू नयेत.

मात्र ज्याला पूर्वी झटके किंवा भ्रम झाला आहे, कावीळ आहे, रक्ताची उलटी होते, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा तोंडी आहे, किंवा घरी पाहणारे कुणी नाही, त्याला भरतीच करावे लागते. तिथे शेतीचे कारण सांगू नका.

चोरून औषध देऊ नका

'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर दिसतात. भगिनींनो, चहात किंवा भाजीत पूड कालवू नका. डायसल्फिराम नावाचे औषध पोटात असताना दारू घेतली तर तोंड लाल होते, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, माणूस दगावूही शकतो. हे औषध रोग्याला सांगून, त्याची तयारी असेल तरच आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

आणखी एक काम आजच करा. फवारणीची औषधे आखाड्यावर कुलपात ठेवा आणि किल्ली शुद्धीवरच्या माणसाजवळ असू द्या. नशा आणि निराशा एका रात्रीत एकत्र आली तर हाताशी विष नसावे.

कुठे जावे

पहिली विचारणा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करावी. पुढे हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय आणि नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे मनोविकाराच्या डॉक्टरांचा वार विचारून निघावे. १४४१६ हा टेलि-मानसचा आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा फोन मोफत आहे. घरच्यांनीही फोन करून सल्ला विचारावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि नशेमुळे होणारे मनाचे आजार धरलेले आहेत. शासकीय दवाखान्यात उपचार मिळणे हा आपला हक्क आहे आणि रोग्याची माहिती गुप्त ठेवणे हे तिथल्या लोकांवर बंधन आहे. तेव्हा गावात बोभाटा होईल ही भीती नको.

जाता-जाता हिशेबही घाला. रोजचे शंभर रुपये दारूवर गेले तर वर्षाला ३६,५०० रुपये होतात. १३५० रुपयांच्या भावाने डीएपीची २७ पोती आली असती.

दोन महिने सोडून एखाद्याने पुन्हा घोट घेतला तर 'गेला पुन्हा वाया' म्हणू नका. हा आजार उलटतो, मधुमेहासारखा. ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात न्या. करपा परत दिसला म्हणून बाग सोडून देणारा शेतकरी आपल्या भागात सापडायचा नाही. घरच्या माणसासाठीही तेवढीच चिकाटी धरू या.