संशोधनाचे चार मार्ग

संशोधन म्हणजे प्रयोगशाळेंतील काचपात्रें, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांतही आढळते. आमच्या मतें ती संकुचित होय.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनीं ६१७४ ह्या संख्येचा गुण १९४९ सालीं मांडला. कोणत्याही चार अंकांची (सर्व सारखे नसावेत) उतरती मांडणी करून तींतून चढती वजा करीत गेल्यास, फार तर सात वेळांत हीच संख्या येते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं वकिली करीत असतां धर्मशास्त्राचा इतिहास लिहावयास घेतला. पहिला खंड १९३० सालचा, शेवटचा १९६२ सालचा. चंद्रपूर जिल्ह्यांतील अल्पशिक्षित शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनीं शेतांतील निराळ्या लोंब्या हेरून, त्यांचें बीं वेगळें पेरून, एच्. एम्. टी. ही भाताची जात सिद्ध केली. बोर्डी-कोसबाडकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं, आदिवासी मुलें शाळेंत येत नाहींत हें पाहून, शाळाच त्यांच्या अंगणांत नेली.

ह्या सर्वांचा समान गुण एकच: दृष्टीस पडलेला प्रश्न न सोडणें. घरांतील मूल अशा एखाद्या प्रश्नास चिकटून बसलें, तर ‘परीक्षेस ह्याचा उपयोग काय?’ असें विचारून वडीलधाऱ्यांनीं त्याचा हिरमोड करूं नये, इतकीच आमची विनंती आहे.