कोटणीसांचं सोलापूर आणि जगाचं सरकार

सोलापुरात भैय्या चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं जन्मघर महापालिकेनं स्मारक म्हणून जपलं आहे. 'विश्वनागरिक' या कल्पनेची ओळख पुस्तकांत प्राचीन ग्रीसच्या डायोजेनिसपासून करून देतात. सोलापूरकराला ती या घरापासून करून घेता येते.

जपाननं चीनवर आक्रमण केलं, तेव्हा काँग्रेसनं १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक तिकडं पाठवलं. त्यात सत्तावीस वर्षांचे कोटणीस होते. मुदत संपल्यावर बाकीचे बहुतेक एकेक करून परतले, कोटणीस राहिले. वडील गेल्याची बातमी आली, तरी राहिले. चिनी भाषा शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. आघाडीजवळच्या खेड्यापाड्यांत ते जखमी सैनिकांवर रात्रंदिवस शस्त्रक्रिया करत. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी ते गेले, तेव्हा शस्त्रक्रियेवरचं त्यांचं पाठ्यपुस्तक अर्धवट राहिलं होतं.

प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञ मानत, की प्रत्येक जण दोन समाजांचा घटक असतो: जन्मानं मिळालेल्या आणि सगळ्या मानवजातीच्या. कोटणीसांना दुसऱ्या समाजाचं होण्यासाठी पहिला सोडावा लागला नाही. ते गेले ते भारताचे प्रतिनिधी म्हणूनच.

पण माणसं अशी वागली, की जगात शांतता नांदेल का? कोटणीसांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १९६२ मध्ये, त्यांच्या दोन्ही देशांत युद्ध झालं. व्यक्तीचा चांगुलपणा राज्यांना बांधून ठेवू शकत नाही. त्यासाठी राज्यांच्याही वर एखादा कायदा हवा, असं अनेक विचारवंतांना वाटतं. हिरोशिमानंतर आइन्स्टाइन यांनी जागतिक सरकारचा जाहीर पुरस्कार केला तो याच तळमळीनं.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी मात्र १७९५ मध्येच इशारा दिला होता. सगळं जग एकाच सत्तेखाली आलं, तर ती सत्ता निर्जीव हुकूमशाही होईल आणि शेवटी अराजक माजेल. म्हणून त्यांनी स्वतंत्र राज्यांचा संघ सुचवला. लांबून चालणारी सत्ता म्हणजे काय, हे सोलापूरला सांगावं लागत नाही. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं आणि काही दिवस इंग्रजांचा अंमल इथून उठला. मग मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. आपला ज्यावर काडीचाही ताबा नाही, ते सरकार जगाचं असलं तरी परकंच.

राज्यांच्या वरचा कायदा आणि स्वतःवरचा स्वतःचा ताबा या दोन्ही गोष्टींचा मेळ घालणारा एक दस्तऐवज आपल्याकडे आहे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर मंजूर झालेला 'छोडो भारत'चा ठराव आपल्याला आठवतो तो स्वातंत्र्याच्या मागणीसाठी. त्याच ठरावात स्वतंत्र राष्ट्रांच्या जागतिक संघाचीही मागणी होती. आधी स्वातंत्र्य, मग बरोबरीच्या नात्यानं एकत्र येणं, हा त्यातला क्रम मला आजही अचूक वाटतो.

बरोबरी हाच कळीचा मुद्दा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत आजही पाच देशांना नकाराधिकार आहे. युद्धगुन्ह्यांसाठी व्यक्तींवर खटले चालवणारं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय २००२ पासून अस्तित्वात आहे. भारत आणि चीन दोघंही त्याचे सदस्य नाहीत. त्यामागं सार्वभौमत्वाची चिंता आहे आणि १९३० पाहिलेल्या शहराला ती समजू शकते. पण नियम सर्वांना सारखे लागू होणार असतील, तर ते मान्य करण्यात कमीपणा नाही. एका जागतिक सरकारची घाई नको. बलवान देशांनाही बांधणारे नियम मात्र हवेत आणि ते घडवण्यात लहानमोठ्या सगळ्यांचा आवाज हवा. कोटणीसांचा वारसा सांगणाऱ्या आपण ही मागणी आपल्या देशाकडेही केली पाहिजे.