रेंज गेली तरी शाळेतला संगणक थांबू नये, यासाठी काय कराल?

वैभववाडी : पावसाळ्यात आपल्या तालुक्यात लाईट आणि रेंज कधी जाईल याचा नेम नसतो. शाळेत संगणक सुरू आहे, मुलं माऊस धरून बसलीत आणि स्क्रीनवर नुसतं चाक फिरतंय, हा अनुभव अनेक शिक्षकांनी घेतला असेल. कारण साधं आहे. आजकाल गणिताचे खेळ, विज्ञानाचे प्रयोग, चित्रकला असं बरंचसं साहित्य 'वेब ॲप' असतं. म्हणजे ते संगणकात नसतं, वेबसाईटवर असतं. नेट गेलं की तासही गेला.

मग हे वेब ॲप मुलांच्या संगणकातच बसवता येतं का? येतं. पण नीट बसवलंय की नुसता शॉर्टकट ठेवलाय, हे ओळखायला हवं.

सुरुवात रायगड जिल्ह्यातून

या प्रश्नावर जगात बरंच काम झालं आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रात आहे. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट गावात आले. एकशिक्षकी शाळा, पहिली ते चौथीची वीसएक मुलं. लॅपटॉपची मेमरी फक्त २५६ एमबी आणि साठवणूक १ जीबी. आजचा साधा मोबाईलसुद्धा त्यापेक्षा कितीतरी ताकदवान आहे.

त्या लॅपटॉपमध्ये विंडोज नव्हतं, 'शुगर' नावाची खास मुलांसाठी केलेली व्यवस्था होती. स्क्रीनच्या मधोमध मुलाचं चिन्ह आणि त्याच्याभोवती गोलाकार उपक्रमांची चित्रं. फाईल, फोल्डर, सेव्ह ही भानगडच नाही. मुलाने जे केलं ते 'जर्नल' म्हणजे रोजनिशीत आपोआप जमा व्हायचं. काल काढलेलं अर्धं चित्र आज तिथूनच पुढे सुरू.

वेबसाईट वेगळी का पडली?

ब्राउझर शुगरमध्येही होता. पण ब्राउझरमध्ये उघडलेला खेळ म्हणजे पाहुणा. त्याचं वेगळं चित्र नाही आणि मुलाने त्यात केलेलं काम रोजनिशीत येत नाही. आवडती वेबसाईट स्वतंत्र चित्रासह उपक्रमासारखी उघडावी, असा प्रयत्न २००९ मध्ये झाला. दार वेगळं मिळालं, पण नेटची गरज काही संपली नाही.

खरा बदल २०१३ मध्ये आला. तोपर्यंत शुगरचे उपक्रम प्रामुख्याने पायथन भाषेत लिहिले जात. आता ज्या एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमध्ये वेबसाईट बनते, त्यातच उपक्रम लिहायची सोय झाली. वेब ॲपची सगळी पानं, चित्रं, आवाज एका गठ्ठ्यात बांधायचे आणि तो गठ्ठा संगणकात ठेवायचा. ॲप उघडतं संगणकातूनच आणि काम जातं रोजनिशीत. पाहुणा घरचा झाला! याच वाटेने पुढे 'शुगरायझर' आलं. शुगरसारखीच ही व्यवस्था साध्या ब्राउझरमध्ये किंवा अँड्रॉइड टॅबवर चालते, आणि मोफत आहे.

आपल्या शाळेत काय करता येईल?

शुगरच पाहिजे असं नाही. विंडोज किंवा लिनक्स असलेल्या जुन्या संगणकावरही हे जमतं.

१. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट' प्रयोग पाहा. बरेचसे मराठीतही आहेत. नव्या पद्धतीचा प्रत्येक प्रयोग एकाच फाईलमध्ये उतरवून घेता येतो. बाजारात किंवा घरी जिथे रेंज मिळेल तिथे पेनड्राइव्हवर घ्या आणि शाळेत डेस्कटॉपवर ठेवा. डबल क्लिक केलं की नेटशिवाय उघडतो.

२. क्रोम, एजसारख्या ब्राउझरच्या मेनूत वेबसाईट ॲप म्हणून इन्स्टॉल करायचा पर्याय असतो. त्याने डेस्कटॉपवर वेगळं चित्र येतं. पण इथेच फसगत होते. चित्र आलं म्हणजे ॲप संगणकात आलं असं नाही. बनवणाऱ्याने ऑफलाईनची सोय केली असेल तरच ते नेटशिवाय चालतं.

३. मुलांचं काम कुठे साठतं ते विचारा. अनेक वेब ॲप ते ब्राउझरच्या आत ठेवतात. कोणी 'हिस्ट्री साफ करू' म्हणून सगळा डेटा पुसला, तर मुलांची महिनाभराची चित्रंही जाऊ शकतात. म्हणून ॲपमध्ये सोय असेल तर आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर प्रत काढा. एकाच संगणकावर चार वर्ग बसत असतील तर प्रत्येक वर्गाचं वेगळं खातं उघडा.

४. मुलाला खातं, ईमेल, मोबाईल नंबर मागणारी ॲप लहान वर्गांसाठी टाळलेलीच बरी.

एक सोपी परीक्षा

ॲप बसवून झालं की नेट बंद करा. संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. आता एखाद्या पोराला बसवा आणि तीन गोष्टी बघा. चित्रावर क्लिक करून ॲप उघडलं का? शेवटपर्यंत चाललं का? आणि कालचं काम सापडलं का? तिन्हीला 'हो' आलं तर ॲप खरोखर संगणकात बसलं. एकाला जरी 'नाही' आलं, तर ते रेंजच्या भरवशावर आहे असं समजा.

ही परीक्षा पाऊस लागायच्या आधी, उन्हाळी सुट्टीतच घेऊन टाका. जून-जुलैत रेंज गेली तरी पोरांचा तास बुडणार नाही.