मात्रांचा हिशेब

गीत लिहू लागणारा बहुधा अडतो तो मोजणीत. ऱ्हस्व अक्षराची 1 मात्रा, दीर्घाच्या 2; पुढच्या जोडाक्षराचा आघात आला की मागचे ऱ्हस्वही दीर्घ धरतात. म्हणून ‘दिग्रस’ तीन अक्षरांत 4 मात्रांचा, तर ‘यवतमाळ’ 6 मात्रांचा. ओळींचा हा हिशेब चुकला की चाल अडखळते.

अमरावतीच्या सुरेश भटांनी (1932–2003) नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. वृत्त, काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर पुन्हा पुन्हा येणारे शब्द) यांचे नियम त्यात सोपे करून दिले आहेत. गझलेचा प्रत्येक शेर, म्हणजे दोन ओळींची जोडी, स्वतंत्र कविताच असतो. त्यामुळे सरावाला दोन ओळी पुरतात. यमकासाठी अर्थ ओढूनताणून आणणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक, आणि ती लगेच कानाला खटकते. भटांच्या ‘एल्गार’ (1983) या संग्रहात ही बाराखडी वाचायला मिळते.