इथे निगेटिव्ह मार्किंग नाही

एक छोटी चाचणी घेऊ. हा पेपर वाचता वाचता याच्याच कोऱ्या कडेला पेनाने एक बैल काढा. दोन शिंगं, चार पाय, एक शेपूट. घाई नाही.

काढला? की पेन टेकवण्याआधीच आतून आवाज आला, ‘तुले जमत नाही तं कायले हात लावतं?’

गंमत बघा. बैल आपल्याला काही नवा नाही. घाटावर राहा की घाटाखाली, मेहकरचे असा की मलकापूरचे, दर पोळ्याला तो दिसतोच. शिंगं रंगवलेली, अंगावर रंगात बुडवलेल्या वाटीचे ठसे. आणि तो रंगवताना कोणी विचारत नाही की ठसे एका ओळीत आले का. बैल मध्येच हलतो, रंग पसरतो, वाटीचा गोल लांबट होतो. तरी बैल सजतोच आणि मिरवतोही. मग कागदावरचा बैल काढतानाच हात का थांबतो?

कारण बैलाच्या अंगावर मार्क मिळत नाहीत. कागदावर मिळतात. निदान तशी सवय आपल्याला लागली आहे.

परीक्षक आत कधी शिरला?

तीन-चार वर्षांच्या पोरांना कोरी भिंत दिसली की खडू हातात घ्यावासा वाटतो. त्यांना ‘चित्र येतं का’ हा प्रश्नच पडत नाही. पुढे शाळा येते. मग दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक घर, नारळाचं झाड आणि निळं तळं. विदर्भात नारळाची झाडं किती, हे कोणी विचारत नाही; पण तळं निळं नसेल तर शेरा मिळतो.

मग एलिमेंटरी, इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती. या परीक्षांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांच्या हातात पहिल्यांदा चांगला ब्रश दिला, हे खरंच. पण त्याच वेळी ‘ए’ ग्रेडवाले आणि ‘सी’ ग्रेडवाले अशी वाटणीही झाली. ‘सी’वाल्यांनी रंगपेटी माळ्यावर टाकली ती कायमची. आणि ‘ए’वाल्यांचं वेगळंच दुखणं झालं. प्रत्येक चित्र ‘ए’च यायला हवं, म्हणून त्यांनीही हळूहळू काढणं सोडलं.

आता तर आपण याच्याही पुढे आलोय. नीटला बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेतही चुकीच्या उत्तराला प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो. अभ्यासिकेत सीनियर सांगतात, ‘खात्री नसेल तर गोल रंगवू नको, कोरं सोड.’ परीक्षेपुरता हा सल्ला बरोबरच आहे. अडचण अशी, की हा सल्ला परीक्षा हॉलच्या बाहेरही आपल्यासोबत चालत येतो. वर्गात शंका असते, आपण कोरं सोडतो. गॅदरिंगला नाव द्यायचं असतं, कोरं सोडतो. इंग्रजीत एक वाक्य बोलायचं असतं, चुकलं तर हसतील म्हणून तेही कोरं. हळूहळू एक विचित्र हिशोब तयार होतो: चूक नाही म्हणजे नुकसान नाही. पण विशीतली दोन-चार वर्षं अशी कोरी सोडणं, हे नुकसान नाही तर काय?

आपलं तळं तर गुलाबी झालं होतं

त्या निळ्या तळ्याची गोष्ट पूर्ण करू. आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात प्रसिद्ध तळं म्हणजे लोणार. उल्कापाताने तयार झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आणि त्यात खारं, अल्कधर्मी पाणी. हे तळं एरवीही निळं नसतं, शेवाळामुळे हिरवट दिसतं. आणि जून २०२० मध्ये ते चक्क गुलाबी झालं. पाण्याचे नमुने तपासायला गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं, की पाणी कमी होऊन खारेपणा वाढला, तिथे मिठात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले आणि त्यांच्यातल्या रंगद्रव्यामुळे पाणी गुलाबी दिसलं.

समजा, २०१९ मध्ये लोणारच्या एखाद्या मुलीने चित्रकलेच्या तासाला आपलं तळं गुलाबी रंगवलं असतं. काय ऐकावं लागलं असतं तिला? आणि पुढच्याच वर्षी तेच तळं बघायला देशभरातून कॅमेरे आले. ‘चुकीचा रंग’ म्हणून आपण जे खोडतो, ते बऱ्याचदा चुकीचं नसतं. फक्त आपण ते तसं पाहिलेलं नसतं.

आर्ट जर्नल म्हणजे काय?

नाव भारी आहे, गोष्ट साधी आहे. आर्ट जर्नल म्हणजे अशी वही, जिच्यात शब्द, रेघा, रंग, डाग, चिकटवलेले कागद असं काहीही चालतं. तिला विषय नाही, समास नाही आणि मुख्य म्हणजे तपासणारा नाही. ती चित्रकलेची वही नव्हे, नुसती डायरीही नव्हे. आठवडी बाजारात जसं एका रांगेत मिरच्या, पुढे प्लास्टिकच्या बादल्या, मध्येच भेळीची गाडी असते, तसं या वहीत सगळं शेजारी-शेजारी नांदतं.

महागडं साहित्य आणू नका. उलट, साहित्य जितकं महाग तितका परीक्षक जोरात ओरडतो: ‘एवढ्या चांगल्या कागदाची वाट लावली!’ त्यापेक्षा शंभर पानी वही घ्या. मागच्या सेमिस्टरची अर्धी कोरी वही असेल तर फारच छान. बॉलपेन, स्केचपेन, डिंक. रंग हवे असतील तर हळद, कुंकू, चहाचा चोथा, गेरू घरातच आहेत.

मग ही पाच पानं करून बघा.

पान पहिलं: मुद्दाम खराब करा. वेड्यावाकड्या रेघा मारा, चहाच्या कपाचा ओला गोल उमटवा, पान चुरगाळून पुन्हा सरळ करा. नव्या वहीचं पहिलं पान सुंदर ठेवायची आपली जुनी खोड इथेच मोडते. पहिलंच पान बिघडलं की पुढच्या नव्व्याण्णव पानांवरचं दडपण उतरतं.

पान दुसरं: डाव्या हाताने. डावखुरे असाल तर उजव्या. समोरची पाण्याची बाटली काढा. ती वाकडीच येणार, हे आधीच ठरलेलं असल्यामुळे परीक्षकाला बोलायला जागाच उरत नाही.

पान तिसरं: कागदाकडे न बघता. मित्राचा किंवा आरशातला स्वतःचा चेहरा बघत राहा आणि पेन न उचलता रेघ ओढत जा. नाक कानाशी जाईल, डोळा गालावर येईल. पण त्या दोन मिनिटांत तुम्ही तो चेहरा जितका नीट पाहिलेला असेल, तितका वर्षभरात पाहिलेला नसेल.

पान चौथं: डागातून चित्र. शेगावला कचोरी घेतली की कागदावर तेलाचा डाग पडतोच. तो कागद फेकू नका, वाळवा. डागात काय दिसतं ते बघा. ढग, म्हातारी, नांदुऱ्याचा हनुमान? पेनाने दोन-चार रेघा जोडा आणि वहीत चिकटवा. हा उद्योग काही पोरकट नाही. लिओनार्डो दा विंचीने आपल्या वह्यांमध्ये चित्रकारांना हाच सल्ला दिला होता: डाग पडलेल्या भिंतींकडे बघा, तिथे डोंगर, नद्या, लढाया दिसतील. हॉस्टेलच्या ओल आलेल्या भिंतीचा एवढा उपयोग आपल्या लक्षातच आला नव्हता!

पान पाचवं: खोडलेल्या ओळींचं. दिवसभरात मनात साचलेलं एका पानावर भराभर लिहा. नको वाटेल ते खोडा. मग त्या खाडाखोडीला एकमेकांशी जोडा आणि त्यातून एखादा प्राणी, पक्षी, काहीतरी बाहेर काढा.

या पाचव्या पानाचा गुरू फार मोठा आहे. रवींद्रनाथ टागोर कविता लिहिताना शब्द खोडत आणि ती खाडाखोड तशीच न सोडता तिच्यातून आकार काढत. १९२४ मध्ये अर्जेंटिनात असताना ‘पूरबी’ या संग्रहाच्या हस्तलिखितात असे आकार विक्टोरिया ओकाम्पो यांना दिसले आणि त्या थक्क झाल्या. पुढे त्यांच्याच धडपडीमुळे १९३० मध्ये पॅरिसमध्ये टागोरांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं. तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नव्हतं आणि सुरुवात झाली ती खोडलेल्या शब्दांपासून.

मनातल्या परीक्षकाचं काय करायचं?

त्याला हाकलून लावायचा प्रयत्न करू नका. तो जात नाही. आणि तो अगदी दुष्टही नाही. लोकांनी हसू नये म्हणून तो आधीच आपल्याला हसून घेतो. त्याचं काम आपल्याला वाचवायचं आहे, फक्त त्याला कुठे थांबायचं ते कळत नाही.

म्हणून त्याला वहीत एक कोपरा द्या. तो जे बोलतो ते जसंच्या तसं, त्याच्याच बोलीत लिहून टाका: ‘काय बे, हा बैल हाये का शेळी?’ त्याला एक चेहरा काढा, चष्मा द्या, हातात लाल पेन द्या, जमल्यास एक नावही द्या. डोक्यात असताना हा आवाज आपलाच वाटतो, म्हणून खरा वाटतो. कागदावर उतरला की तो एक पात्र होतो आणि पात्राला उत्तर देता येतं.

मनाला आपल्यासमोर उभं करून त्याच्याशी बोलायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. समर्थ रामदासांनी मनाला समजावणारे २०५ श्लोक लिहिले. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की ताणाच्या प्रसंगाआधी ‘मी’ असं न म्हणता स्वतःला नावाने हाक मारून बोलणाऱ्यांना ताण तुलनेने चांगला हाताळता आला. तेव्हा ‘मला जमत नाही’ऐवजी स्वतःचं नाव घेऊन लिहून बघा: ‘अमुक-अमुक, तू आज फक्त दहा मिनिटं रेघा ओढणार आहेस. बस.’

आणि बाहेरचे परीक्षक? तेही चुकतात. आर. के. लक्ष्मण यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये अर्ज केला होता. तो नाकारला गेला. पुढे त्यांचा ‘कॉमन मॅन’ सगळ्या देशाने पाहिला. प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी रेघ ओढणं थांबवलं नाही, एवढंच लक्षात ठेवायचं.

फायदा काय, हा प्रश्न

‘याने काय होणार? नोकरी लागणार का?’ असं घरून विचारतीलच. सरळ उत्तर द्या: नाही. हा अभ्यासाला पर्याय नाही.

पण श्वास घ्यायला जागा मिळते. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं रंग, माती, कागद घेऊन मनाला येईल ते केलं. आधी आणि नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये ते कमी झालं. चित्रकलेचा आधीचा अनुभव असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे, सगळ्यांना सारखा गुण आला असंही नाही. तरी ‘चित्र येत असेल त्यालाच फायदा’ ही समजूत मात्र त्यातून डळमळते.

एक पथ्य पाळा. ही वही इन्स्टावर टाकू नका, निदान पहिले दोन-तीन महिने. फोटो काढायचा ठरवला की हात आपोआप नीटनेटकं काढू लागतो आणि लाइक्स म्हणजे पुन्हा मार्कच. शेजारच्या खान्देशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता त्या ओव्या रचत गेल्या. घरच्यांनी त्यातल्या काही उतरवून ठेवल्या आणि पुस्तक निघालं ते १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. काम चालू असताना समोर कोणी श्रोता नव्हता, टाळ्याही नव्हत्या.

आणि एक गंभीर गोष्ट. आतला आवाज ‘चित्र वाईट आहे’ इथून ‘मीच वाईट आहे, मी नकोच’ इथपर्यंत पोहोचत असेल, झोप-जेवण सुटलं असेल, तर वहीवर थांबू नका. जवळच्या माणसाशी बोला. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीत बोलता येतं.

बाकी आज रात्री एवढंच करा. पुस्तक मिटल्यावर, मोबाइल हातात घेण्याआधी, दहा मिनिटं. पान उघडा, तारीख टाका आणि एक रेघ ओढा. ती कुठे जाते ते बघा. वाकडी गेली, तर तिच्या मागे जा.