गवताला दसऱ्यापर्यंत सवड द्या



आपलं पिपरी मेघे आता वर्धा शहराला पार चिकटलं आहे. जिथं ढोरं चरायची तिथं ले-आऊट पडले. तरी दूध विकणाऱ्या, दोन-चार बकऱ्या पाळणाऱ्या बाया आपल्या आजूबाजूला आहेतच. त्यांच्या तोंडून दरवर्षी एकच वाक्य ऐकू येतं, "पाऊस तर पडला, पण चाऱ्याचं गवत कुठं आहे? जिकडं पाहावं तिकडं तरोटाच!" पाऊस पडूनही गवत का येत नाही, आणि त्यात ढोरांचा दोष किती, आपला किती, हे आज समजून घेऊ.

आपल्या भागात पाऊस चार महिने, बाकीचे आठ महिने कोरडे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. अशा हवेत टिकतं ते बारमाही गवत. वरून वाळतं, पण बुंधा आणि मुळं जिवंत राहतात. पवन्या, शेडा, मारवेल ही आपल्या पठारावरची चांगली गवतं. दाबडघाव आणि शंकरनारायण या दोन शास्त्रज्ञांनी 1973 साली भारतातल्या गवताळ रानांचं वर्गीकरण पुस्तकरूपानं मांडलं. त्यात दख्खनच्या रानांना त्यांनी शेडा-मारवेल याच गटात धरलं आहे.

ही गवतं ढोरांना भारी आवडतात, आणि अडचण तिथूनच सुरू होते. गाय जिभेनं गवताचा जुडगा ओढून तोडते, म्हणून बोटभर तरी बुंधा मागे राहतो. मेंढी ओठांनी अगदी जमिनीलगत कुरतडते. बकरी मान वर करून झुडपांचा पाला जास्त खाते. प्रत्येक जनावराची खायची जागा वेगळी असते. म्हणून "बकरीनं रान खाल्लं" हे वाक्य अर्धंच खरं आहे. बकरी बोरी-बाभळीची कोवळी रोपं खाते हे खरं, पण वाढत जाणारं झुडूपही तीच आटोक्यात ठेवते.

आता गवताचा हिशोब पाहा. आपल्या घरात जशी धान्याची कोठी, तशी गवताची कोठी मुळात असते. पहिला पाऊस पडला की गवत त्या कोठीतलं काढून हिरवी पाती फोडतं. पाती मोठी झाली की उन्हात अन्न तयार करून उसनं घेतलेलं परत भरतं. पण पातं चार बोटं वर येत नाही तोच ढोरानं खाल्लं, तर गवताला पुन्हा कोठीला हात घालावा लागतो. आठवड्यानं पुन्हा खाल्लं, पुन्हा कोठी. असं दोन-तीन पावसाळे झाले की कोठी रिकामी होते, मुळं आखूड होतात, आणि एका उन्हाळ्यात तो बुंधा मरून जातो. एकदा खाल्ल्यानं गवत मरत नाही. सावरायला सवड न देता पुन्हा पुन्हा खाल्ल्यानं मरतं.

चांगलं गवत गेलं की जागा रिकामी राहत नाही. आधी कुसळी वाढते. ती कोवळी असताना ढोरं खातात, पण कुसळं धरली की ती तोंडात टोचतात आणि मेंढीच्या लोकरीत अडकतात. चराई तशीच चालू राहिली तर कुसळीही मागे पडते आणि एका पावसापुरतं उगवणारं वीतभर बारीक गवत येतं. शेवटी उरतं ते ढोर तोंड लावत नाही असं सगळं: तरोटा, गाजर गवत, रानतुळस, रुई, बेशरम. ढोर चांगलं तेवढं वेचून खातं, नको ते सोडतं. सोडलेलं फुलतं, बी टाकतं. म्हणजे तरोट्याची पेरणी नकळत आपणच करून घेतो.

जमिनीवरही परिणाम होतो. ओल्या काळ्या मातीत खुरं रुतली की माती दबते, वर पापुद्रा धरते, पाणी मुरण्याऐवजी वाहून जातं. गवताचा बुंधा नसला तर पाण्याला अडवणारं कोणी राहत नाही. मग विहीर लवकर आटते आणि हंडा घेऊन लांब जायचं काम आपल्याच वाट्याला येतं.

मग ढोरं रानात सोडायचीच नाहीत का? तसंही नाही. कित्येक वर्षं अजिबात न चरलेल्या, न कापलेल्या रानात वाळलेलं गवत उभं राहतं, नवीन फुटव्याला ऊन मिळत नाही, आणि वणवा लागला तर भडका मोठा होतो. ढोरांच्या शेणानं जमिनीला खत मिळतं. बाभळीच्या शेंगा बकऱ्या खातात आणि लेंड्यांतून बी रानभर पसरतं. आपल्याकडे उन्हाळ्यात काठेवाडी मेंढपाळ येतात तेव्हा कास्तकार वावरात मेंढ्या बसवून घेतात, ते खतासाठीच. हे लोक एका जागी थांबत नाहीत. पाऊस आणि चारा पाहून पुढं सरकतात, त्यामुळे मागच्या रानाला सवड मिळते. कोरड्या मुलखात ही मोठी शहाणपणाची रीत आहे. संयुक्त राष्ट्रसंघानं 2026 हे वर्ष चराऊ रानं आणि पशुपालक यांच्यासाठी जाहीर केलं, त्यामागं हीच जाण आहे.

आपल्या जिल्ह्याची तर ओळखच ढोरांशी जोडलेली. आर्वी, आष्टी, कारंजा भागातले नंदगवळी आणि त्यांची पांढरी गवळाऊ गाय याच गवतावर वाढली. रान बिघडलं तर ती जातही टिकत नाही.

पण ओझं वाढलं कसं? ढोरं एकाएकी हावरी झाली नाहीत. आपल्या वावरातून ज्वारी गेली, कपाशी आणि सोयाबीन आलं. ज्वारीबरोबर कडबा गेला. सोयाबीनचं कुटार कडब्याची जागा भरून काढत नाही. धुऱ्यावरचं गवत तणनाशकानं जळतं. गायरानाचे प्लॉट झाले. उरलेल्या तुकड्यावर सगळी ढोरं आली.

या उरलेल्या तुकड्यांत झुडपी जंगल येतं. पूर्व विदर्भातल्या सुमारे 86 हजार हेक्टर झुडपी जंगलाला वनजमीनच समजावं, असं सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये सांगितलं. कागदावर जिला बरेच लोक "पडीक" म्हणत होते, ती जमीन पडीक नाही, हे आपल्याला आधीपासून ठाऊक होतं. तिथंच तर आपली ढोरं चरत आली.

आता उपाय. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं चराईबंदी केली. गवत कापून नेण्याची मुभा ठेवली, आणि डोंगर हिरवे झाले. हे खरंच घेण्यासारखं आहे. पण बंदी म्हटलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, बंदीचा भार कोणावर? ज्याच्याकडे वावर आहे तो धुऱ्यावरून चारा आणेल. जिच्याकडे वावरच नाही, फक्त तीन बकऱ्या आहेत, ती काय करेल? म्हणून सगळं रान एकदम बंद करू नका. तीन-चार भाग करा. दरवर्षी एक भाग पहिल्या पावसापासून दसऱ्यापर्यंत बंद ठेवा. तोवर गवताचं बी पिकून पडतं आणि कोठी भरते. मग तिथलं गवत कापून वाटून घ्या, आणि वाटपात भूमिहीन बाईचं नाव आधी लिहा. पुढच्या वर्षी दुसरा भाग. बाकीच्या भागांतही पहिल्या पावसानंतर तीन-चार आठवडे थांबून, गवत वीतभर झाल्यावरच ढोरं सोडा. तेवढ्या दिवसांसाठी कुटार राखून ठेवा. तरोटा आणि गाजर गवत फुलायच्या आधी उपटा. गाजर गवताची अंगाला खाज सुटते, म्हणून हातमोजे घाला. धुऱ्यावर मारवेलचे ठोंब लावा. हा निर्णय ग्रामसभेत घ्या, आणि त्या सभेला बायांनी जाऊन बसा. 2006 च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्कही मोजला आहे, हे तिथं सांगा.

विश्वास बसत नसेल तर या पावसाळ्याआधी एक करून पाहा. रानात चार काठ्या रोवा, बोरीच्या काट्यांनी हातभर लांब-रुंद चौकोन बंद करा. दसऱ्याला जाऊन आतलं गवत आणि बाहेरचं गवत शेजारी शेजारी पाहा. आत कोणती पाती उगवली, बाहेर कोणती, ते मोजा. दिसेल ते ग्रामसभेत सांगा. तुमचं बोलणं कोणी खोडून काढणार नाही.